पंगतीचे नाना

नाना माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसत. समोर आमदार असो नाहीतर अंगणवाडीतलं शेंबडं पोर, त्यांची नजर आधी पानावर जायची, मग हातावर, आणि आठवण झालीच तर शेवटी चेहऱ्यावर. त्यामुळे त्यांच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, जेवणं राहत. दहिवलीच्या बाजारात कोणी भेटला की म्हणायचे, "अरं, तू तो ना, मठ्ठ्याला नको म्हनालेला?" आणि तो माणूस कुठल्याशा लग्नात खरंच मठ्ठ्याला नको म्हणालेला असायचा. स्वतः विसरलेला असायचा, नाना विसरलेले नसायचे.

तसे ते शेतकरी. पण शेती त्यांच्या घरच्यांनी केली, नानांनी पंगती केल्या. दहिवलीपासून कोंडाण्यापर्यंत लग्न कोणाचंही असो, आचारी कुठलाही असो, पंगत नानांची. हातात ना बादली, ना डाव. खांद्यावर पंचा टाकून ओळीच्या टोकाला उभे राहायचे आणि वाढप्यांना नुसत्या भुवयांनी हाकायचे. सगळं वाढून झालं की एकदा खणखणीत आवाज, "मागं कोन ऱ्हायलंय?" शेवटचं पान वाढून होईपर्यंत कोणी घासाला हात लावायचा नाही, ही त्यांची शिस्त. मग हात जोडून, प्रत्येक चार पानांमागे थांबत, "सावकास होऊ दे... सावकास होऊ दे..." असं म्हणत ते ओळभर फिरायचे. हे म्हटल्याशिवाय वाढलेलं अन्न वाढलेलं धरायचंच नाही, असं त्यांचं ठाम मत. "भात काय, कुत्र्याला बी टाकतात," म्हणायचे. "मानसाला सावकास होऊ दे म्हनलं का मग ते जेवान."

गर्व म्हणाल तर पोटभर. नवरदेव पळून गेला तर दुसरा मिळेल, पंगत बिघडली तर गावाचं नाक गेलं, असं ते मुलीच्या बापाला ऐन मांडवात ऐकवायचे. बाप बिचारा घाम पुसत हो हो म्हणायचा.

माझी नानांची पहिली आठवण जिलबीची आहे. माझ्या मावशीचं लग्न होतं आणि मी एवढीशी, लाजाळूचं झाड. जिलबीची परात समोरून निघून गेली आणि मला तोंडातून शब्द फुटेना. डोळे भरून आले होते. तेवढ्यात ओळीच्या त्या टोकावरून आवाज आला, "अरं, ती निळ्या फ्राकवाली ऱ्हायली!" वाढपी धावत परत आला. माझ्या पानावर एक नाही, दोन जिलब्या पडल्या. एवढ्या गर्दीत आपल्याला कोणीतरी बघितलं, ह्याचा जो आनंद मला तेव्हा झाला, तो पुढे कुठल्या बक्षिसानंही झाला नाही. त्या दिवसापासून नाना माझे लाडके.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन भिसेगावात राहायला आले आणि कोंडाण्याच्या वाटेवरच्या, डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत माझी बदली झाली. अर्धी मुलं गावातली, अर्धी वरच्या आदिवासी वाडीवरची. शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद ही गावातली अशी खुर्ची की जिच्यावर कोणी बसत नाही आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून ती नानांच्या गळ्यात मारली. लग्नात आता बुफे आले होते, नाना रिकामेच होते. पहिल्या सभेला आले ते माझ्या खोलीत न येता तडक स्वयंपाकाच्या शेडमध्ये. खिचडीचा एक घास जिभेवर ठेवला आणि मला बोलावून म्हणाले, "बाई, ही खिचडी हाय का लादी बसवायचा माल?" बचत गटाच्या बाया अशा काही फुगल्या की बरेच दिवस त्यांच्याशी बोलेनात. नानांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. रोज येऊन चुलीशी बसायचे आणि फोडणीला नाक लावायचे.

शाळेच्या जेवणाला गावाकडून जोड मिळवायची तर वर्गणी, सभा, ठराव असल्या भानगडी करायच्या असतात, अशी माझी समजूत. नानांची पद्धत वेगळी. ते दारोदार जायचे आणि विचारायचे, "माझ्या पंगतीत जेवलाव ना? मग काडा." गावात त्यांच्या पंगतीत न जेवलेला होता कोण? भोपळे, शेवग्याचा पाला, नाचणी, कोंबड्या असलेल्या घरातून अंडी, सगळं यायला लागलं. फार्महाऊसवाल्यांची त्यांनी केलेली गत तर बघण्यासारखी. रविवारी दुपारी शहरातली मंडळी हिरवळीवर जेवायला बसली की नाना फाटकाशी जाऊन उभे. बोलायचं काहीच नाही, नुसतं त्यांच्या ताटांकडे बघायचं. वॉचमन अवघडायचा, पाहुणे अवघडायचे, शेवटी कोणीतरी उठून काय हवंय विचारायचं. तेव्हा म्हणायचे, "काय नाय, जेवा तुमी. आमच्या साळंत पोरं हायेत, येवडंच सांगायचं व्हतं." पुढच्या आठवड्यात अंड्यांचे ट्रे घेऊन टेंपो शाळेत हजर. मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले होते आणि लाजून स्कूटरच्या मागे उभी राहिले होते.

मग आरोग्य पथकाच्या डॉक्टरबाई आल्या. मुलांची वजनं झाली, डोळे-नखं बघून झाली, बोटं टोचून रक्त बघून झालं. गावातली मुलं बरी होती. वाडीवरच्या मुलांच्या अंगात मात्र रक्त नव्हतं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या की शाळा आणि गाव असं हातात हात घालून काम करतंय तर ही मुलं नक्की वर येतील, फक्त ह्यांना रोज थोडं जास्तीचं द्या. अंडं, केळं, नाचणीचं सत्त्व. आणि मंजी नावाच्या मुलीला त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं. दुसरीतली पोर, दिसायला बालवाडीतली. हिला आईसकट काही दिवस कर्जतच्या दवाखान्यात ठेवायला हवं, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. आता बरी दिसते, पण एक मोठा ताप आला तर हे शरीर तो पेलणार नाही.

जास्तीचं द्यायचं ठरलं, पण द्यायचं कसं? अंडी रोज सगळ्यांना पुरणारी नव्हती. म्हणून ह्या मुलांची वेगळी ओळ करावी, ही कल्पना माझी. हो, माझीच. मला ती फार सोयीची वाटली. कोणी सुटायचं नाही, कोणाला दोनदा जायचं नाही. आणि नानांना तर ती इतकी आवडली की विचारू नका. त्यांच्या डोक्यात वेगळी पंगत म्हणजे व्याह्यांची पंगत! लग्नात मानाच्या पाहुण्यांना आतल्या बाजूला, सावलीत, पाटावर बसवतात तशी. त्यांनी पडवीत सतरंजी घातली, पाचवीतल्या मुलींकडून ताटांभोवती रांगोळ्या काढून घेतल्या, स्वतः प्रत्येकाच्या ताटात अंडं ठेवलं आणि मिशीत हसत माझ्याकडे बघितलं. मीही हसले. दोघेही स्वतःवर खूश होतो.

पडवीतली पोरं मान वर न करता जेवली. गावातल्या मुलांनी लगेच त्यांचं बारसं केलं, सुकटांची पंगत. मी दोघातिघांना दटावलं आणि विषय संपला असं समजले. दुसऱ्या दिवशी ओळ अर्धी झाली. आठवडा संपायच्या आत रांगोळ्या होत्या, अंडी होती, सतरंजी होती आणि वाडीवरचं एकही पोर नव्हतं. मंजीही नव्हती. नाना सतरंजीच्या टोकाला उभे राहून रिकाम्या ताटांकडे बघत होते. आयुष्यात त्यांची पंगत कोणी अशी टाकून गेलं नव्हतं.

आम्ही दोघं वाडीवर चढलो. नाना वाटभर तणतणत होते, मान दिला तर पचत नाही म्हणाले. मंजीची आई, बारकी, घराच्या ओट्यावर पत्रावळी टाचत बसली होती. बाजूला पळसाच्या पानांचा ढीग. आमच्या सगळ्या लग्नांच्या पत्रावळी पूर्वी ह्याच वाडीतून यायच्या. मंजी आईच्या पाठीला टेकून बसली होती, पाय काटक्यांसारखे. मी समजावायला सुरुवात केली. अंडं, रक्त, दवाखाना, ताप. बारकी ऐकत होती आणि काडीनं पान टाचत होती. मग तिनं हातातलं काम खाली ठेवलं आणि माझ्याशी नाही, नानांशी बोलली. वाडीत सगळ्यांना तूच म्हणतात, तिनंही तूच म्हटलं.

"पोरगी म्हनाली, आमाला वेगळं बसवलं. कोनी गं, म्हनलं. तर म्हनाली, पंचावाल्या आज्यानं. तवाच वळखलं मी, तूच."

मग तिनं सांगितलं. लहान असताना ती आईबरोबर एका लग्नात पत्रावळींचा भारा पोचवायला गेली होती. आई भारा उतरवत होती. पंगत बसली होती, मीठ-लिंबू वाढून झालं होतं आणि कोपऱ्यातलं एक पान रिकामं होतं. ती जाऊन त्या पानावर बसली. तिला वाटलं, आपणच टाचलेलं पान आहे, आपलंच असणार. नाना ओळीच्या टोकावरून आले, तिच्या दंडाला धरून तिला उचललं आणि मांडवाबाहेर नेऊन ठेवलं. तुमचं मागनं, असं म्हणाले. मग सगळ्या पंगती उठल्यावर उरलेलं टोपलीत मिळालं.

"मारलं नाय, शिवी दिली नाय," बारकी म्हणाली. "उचलली आन भाईर ठेवली. पानं आमची व्हती."

नानांचं तोंड उघडं राहिलं होतं. ते खूप वेळ तिच्या दंडाकडे बघत होते, जणू तिथे काही दिसेल. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला आटवत नाय गं."

"आटवंल कसं?" बारकी म्हणाली आणि पुन्हा पान उचललं. "तू काय मला येकलीलाच उटवलंस?"

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं खरं बोलली.

 पायथ्याशी आल्यावर नाना एका दगडावर बसले आणि आपला उजवा हात उलटसुलट करून बघत राहिले. "बाई," ते म्हणाले, "मठ्ठा कोनी घेतला नाय त्ये मला ध्यानात हाय. लाडू कोनी खिशात घातला त्ये ध्यानात हाय. आन पोरांना दंडाला धरून उटवल्यालं येक बी ध्यानात नाय. किती आसतील वो?"  मला माझी निळ्या फ्रॉकमधली जिलबी आठवत होती. मावशीच्या लग्नालाही पत्रावळी वाडीवरूनच आल्या होत्या. मी जिलबी चोखत होते तेव्हा मांडवाबाहेर कोण उभं होतं, हे मी आयुष्यात कधी वळून बघितलं नव्हतं. बारकीनं सांगितलेलं ते लग्न हेच की दुसरं, हे तिला विचारायचा धीर मला तेव्हा झाला नाही, आजही होत नाही. नाना दारोदार ज्या पंगतींची वसुली करत होते, त्या पंगतींत आम्ही सगळेच जेवलो होतो.

दुसऱ्या दिवशी पडवीतली सतरंजी गेली. सगळ्या शाळेची एकच ओळ, आणि अंडं असलं तर सगळ्यांना, नसलं तर कोणालाच नाही. त्यासाठी नाना पुन्हा दारोदार गेले. पण आता ते उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि "माझ्या पंगतीत जेवलाव ना" हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही. नुसतं म्हणायचे, "पोरांसाटी द्या." गंमत म्हणजे आधीपेक्षा जास्त मिळायला लागलं. कदाचित हळूहळू गावात सगळ्यांना सगळं कळलं असावं.

वाडीवर मात्र ते एकटे गेले, मला न सांगता. बारकीला त्यांनी शाळेत वाढायला यायला सांगितलं. माफी मागितली का, हे मला माहीत नाही. मागितली असली तरी नानांना ती धड जमली नसणार. बारकी नुसती पानं टाचत राहिली म्हणे. पण काही दिवसांनी, मंजीला कडेवर घेऊन, ती शाळेच्या फाटकातून आत आली आणि तिच्यामागून वाडीची बाकीची पोरं.

बातमी गावात तिच्याआधी पोचली होती. वाडीची बाई गावच्या पोरांना वाढणार! फाटकाशी आठ-दहा आया येऊन उभ्या राहिल्या. बचत गटाच्या बायांनी बारकीच्या हातात भाताचं पातेलं दिलं खरं, पण आता काय होतंय म्हणून त्या शेडच्या दारातच थांबल्या.  नाना गेले आणि ओळीच्या अगदी शेवटी, कोपऱ्यात, जमिनीवर मांडी घालून बसले. ज्या माणसानं जन्मात सगळ्यांच्या आधी घास घेतला नव्हता, त्यानं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "पयलं मला वाढ गं." बारकीनं वाढलं. भात, उसळ, अंडं. नानांनी हात लावला नाही. ताटाकडे बघत, हात मांडीवर ठेवून थांबले. मला आधी कळेना कशासाठी. मग कळलं, ते "सावकास होऊ दे"ची वाट बघत होते. बारकी एक क्षण त्यांच्यासमोर उभी राहिली आणि काही न बोलता पुढच्या ताटाकडे गेली. नाना जेवले. एक शीत ताटात ठेवलं नाही.

दोन-चार घरांनी पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. पण अंड्यापुढे सोवळं किती दिवस टिकणार? महिन्याभरात डबे बंद झाले.

आणि त्याच सुमारास मंजीला ताप आला. डॉक्टरबाईंनी सांगितलेला, मोठा. बारकी दवाखान्यात न्यायला तयार होईना. तिथेही आपल्याला वेगळं काढतील, हीच भीती. पोर हातात शिजत होती आणि मी ओट्याशी उभी राहून विनवत होते. शेवटी तिनं माझ्याकडे न बघता नानांना विचारलं, "तू येशील?" नाना म्हणाले, "येतो." रिक्षात ते पुढे बसले आणि मागे वळून वळून पोरीच्या पायांकडे बघत राहिले. पहिले काही दिवस डॉक्टरबाई नुसतं "बघू" म्हणत होत्या. सलाईन, चमच्याचमच्यानं दूध, पुन्हा ताप, पुन्हा "बघू". नाना रोज घरून डबा घेऊन जायचे. ते समोर असले की बारकी डबा उघडायची नाही, म्हणून डबा ठेवून ते वॉर्डाबाहेर जिन्यावर जाऊन बसायचे आणि नर्सला विचारायचे, खाल्लं का. पोर हळूहळू निवली. एके दिवशी तिनं स्वतःच्या हातानं केळं सोललं तेव्हा नाना जिन्यावर बसून ओक्साबोक्शी रडले. मंजी वाचली, हे मी आजही पटकन लिहून टाकते आहे, पण त्या दिवसांत तसं पटकन काही घडत नव्हतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं शाळेत बारकी वाढत होती आणि नाना कोपऱ्यात जेवत होते. दिवाळीनंतर बारकीचं घर सोडून बाकीची वाडी खालापूरकडच्या वीटभट्ट्यांवर जायची, तेव्हा नाना एसटीनं तिकडे जायचे, भट्टीजवळच्या शाळेतल्या गुरुजींना गाठून आपली पोरं त्यांच्या स्वाधीन करायचे आणि ओळीत उभे राहून ताटं बघून यायचे. आम्हा दोन शाळांची ती जोडी नानांनीच जमवली. डॉक्टरबाई बदलून गेल्या, दुसऱ्या आल्या, त्यांनाही नानांनी खिचडी खायला लावली. पण रोज, अगदी रोज, बारकीनं वाढलं की ते हात मांडीवर ठेवून क्षणभर थांबायचे. बारकी सगळ्या मुलांना म्हणायची, सावकाश होऊ दे रं. नानांच्या ताटाशी आली की गप्प. एकदा मी न राहवून म्हटलं, नाना, ती नाही म्हणायची, तुम्ही जेवत जा. तर म्हणाले, "नाय म्हनू दे. मी थांबायचं सोडलं तर मंग काय ऱ्हायलं?"

मागच्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तर नाना पेजेवर आले होते, तीही दोन चमचे. माझ्या हातांकडे बघून विचारलं, "जेवून आलाव?" मग थोड्या वेळानं, "बारकी काय म्हनली का?" मी गप्प राहिले. हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? एक खोटा शब्द, म्हातारा सुखानं गेला असता. आणि खोटं नको, तर तिलाच घेऊन जाता आलं असतं. पण तिला हे सांगायचा आपल्याला काय अधिकार, असा मोठा विचार मी केला. खरं सांगायचं तर मला तिच्यापुढे उभं राहायची भीती वाटत होती, तिनं माझंही काही विचारलं तर, म्हणून. त्याच आठवड्यात नाना गेले.

तेराव्याला मुलांनी मोठा मांडव घातला होता. केटरर, टेबलं, गरम डब्यांखाली दिवे. ज्यानं आयुष्यभर पंगती बसवल्या त्याच्या तेराव्याला बुफे. मुलांचं तरी काय चुकलं, आता कोण बसतं खाली? लोक ताटं घेऊन उभ्याउभ्या जेवत होते. वाडीची माणसं आली होती, बारकी होती, मंजीही होती. कर्जतच्या कॉलेजात जाते आता, अजून किडकिडीतच आहे, पण तोंड चुरूचुरू चालतं. ती सगळी मांडवाच्या कनातीशी उभी होती. त्यांना कोणी अडवलं नव्हतं. कोणी बोलावलंही नव्हतं. मागं कोन ऱ्हायलंय, असं विचारणाराच नव्हता. माझ्या हातात ताट होतं, त्यात जिलबी होती, आणि हे सगळं मला दिसत होतं.

मी ताट खाली ठेवून त्यांच्याकडे जायला निघाले, पण बारकीनं माझी वाट बघितली नाही. तिनं काखोटीचं गाठोडं सोडलं. पळसाच्या पत्रावळी होत्या, ताज्या टाचलेल्या. तिनं त्या मांडवाच्या मधोमध, जमिनीवर, ओळीनं मांडल्या. मंजीनं केटररच्या पोराच्या हातातून भाताचं पातेलं काढून घेतलं. आधी वाडीची माणसं बसली, मग बचत गटाच्या बाया, मग आमच्या शाळेतून गेलेली गावातली मोठी झालेली मुलं. मी बसले. नानांचा थोरला मुलगा थोडा वेळ बघत उभा राहिला आणि मग चपला काढून तोही बसला.

बारकी वाढत आली. कोपऱ्यातलं शेवटचं पान रिकामं होतं, तिथे कोणाला बसू दिलं नव्हतं. त्या पानावर तिनं मीठ वाढलं, लिंबू वाढलं, भात, वरण, एक जिलबी. मग पदर खोचला आणि हात जोडले.

"सावकास होऊ दे, नाना," ती म्हणाली. "सावकास होऊ दे."

ओळीत कोणी हुंदका दिला, मला वाटतं थोरल्यानंच. मग ती वळली आणि ओळभर फिरली, प्रत्येक चार पानांमागे थांबत, नानांसारखीच, सावकाश होऊ दे, सावकाश होऊ दे. माझ्या पानाशी येऊन थांबली. भात नीट आहे ना, ते बघितलं. मी हात मांडीवर ठेवून थांबले. ती काही न बोलता पुढे गेली आणि मी मान खाली घालून जेवायला लागले.